चाकांवरचे घर आणि हातची कामे : काय स्वतः करावे, काय करवून घ्यावे

मोटारीमागे जोडून ओढत न्यायच्या, स्वतःचे इंजिन नसलेल्या फिरत्या घराला, म्हणजेच ट्रॅव्हल ट्रेलरला, अमेरिकेत आणि युरोपात जवळजवळ शंभर वर्षांची परंपरा आहे. वीस-तीस वर्षे वापरलेला ट्रेलर स्वस्तात घ्यायचा, आतून पूर्ण उसकटायचा आणि सुट्टीच्या दिवसांत स्वतःच्या हाताने नव्याने बांधायचा, हा तिथल्या मध्यमवर्गीय कुटुंबांचा रुळलेला उद्योग आहे. पुण्यात अशी जोडगाडी क्वचितच दिसते, कारण घाटांतली वळणे, पेठांमधले रस्ते आणि सोसायटीच्या आवारातली जागा या तिन्ही गोष्टी तिच्या विरोधात जातात. त्यामुळे हीच हौस इथे वेगळे रूप घेते : ट्रॅव्हलर वर्गातली गाडी किंवा जुनी मिनीबस घेऊन तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि सामानाची सोय करणे, म्हणजे तिचे मोटर कॅरॅव्हॅन करणे. चाकांवर संसार मांडण्याची कल्पना मात्र महाराष्ट्राला नवी नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला निघणाऱ्या दिंड्यांबरोबर शिधा, भांडी, तंबू आणि पाणी घेऊन चालणारे ट्रक, नारायणगावात राहुट्या टाकून सुपाऱ्या घेणारे आणि मग हंगामभर गावोगावच्या जत्रांना फिरणारे तमाशाचे फड, ट्रकमध्येच प्रोजेक्टर बसवलेल्या टुरिंग टॉकीज, ही सगळी त्याच कल्पनेची इथली रूपे आहेत. कॅरॅव्हॅनचा विचार करणाऱ्याने परदेशी चित्रफिती पाहण्याआधी दिंडीतला एखादा ट्रक आतून नीट पाहिला, तर कमी जागेत भांडी कशी रचतात, पाण्याचे पिंप कुठे ठेवतात आणि ओझे कसे आवळतात याचे अधिक उपयोगी शिक्षण मिळेल.

पुण्यातल्या हौशी माणसाची एक सोय अशी की या कामाशी संबंधित जवळजवळ सर्व काही एकाच शहराच्या परिसरात आहे. ट्रॅव्हलर बनवणाऱ्या फोर्स मोटर्सचे मुख्यालय आकुर्डीला आहे. वाहनांची चाचणी करून त्यांना प्रमाणपत्र देणारी, ‘एआरएआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था वेताळ टेकडीवर आहे आणि तिच्यावरून टेकडीच्या त्या भागालाही लोक एआरएआयची टेकडी म्हणतात. सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट, म्हणजे सीआयआरटी, भोसरीला आहे. लाकूड आणि प्लायवूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये, बिजागऱ्या, कड्या, स्क्रू आणि हत्यारे रविवार पेठेत आणि बोहरी आळीत, तारा आणि स्विच तपकीर गल्लीत, तर गाड्यांचे सुटे भाग नाना पेठेत मिळतात. अडचण वस्तू मिळण्याची नसून क्रम ठरवण्याची आहे. बहुतेक जण पलंग आणि कपाटापासून सुरुवात करतात, तर खरा क्रम परवानगी, वजन, पाणी, वीज आणि सर्वांत शेवटी लाकूडकाम असा असायला हवा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे तो यांपैकी कोणत्या कामाला स्वतः हात घालावा आणि कोणते काम दुसऱ्याकडूनच करून घ्यावे, हा.

परवानगी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ या कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रात, म्हणजे आरसीमध्ये, नोंदलेली माहिती आणि निर्मात्याने मूळ ठरवलेली बांधणी यांत फरक पडेल असा कोणताही बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा हाच अर्थ ठामपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा विनापरवाना बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. आसने काढणे, त्यांची संख्या बदलणे, छत कापून उंच करणे, बाजूच्या पत्र्यात नवी खिडकी पाडणे, इंधनाचा प्रकार बदलणे ही सर्व कामे या कक्षेत येतात, आणि परवानगी मिळून बदल झाल्यावरही त्याची खबर चौदा दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते. ज्यांना ओढायचा ट्रेलरच करायचा आहे त्यांनी हे विसरू नये की कायद्यातल्या ‘मोटार वाहन’ या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे. इंजिन नाही म्हणून नोंदणी लागत नाही ही समजूत चुकीची आहे आणि लोखंडी अँगल वेल्डिंग करून घरी बनवलेली चॅसी रस्त्यावर आणणे हा उघड धोका आहे.

मोटर कॅरॅव्हॅनसाठी भारतात ‘एआयएस-१२४’ हे स्वतंत्र मानक आहे. कॅरॅव्हॅन म्हणवून घेण्यासाठी वाहनात बसायची जागा व टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि साठवणुकीची सोय या चार गोष्टी हव्यात आणि त्या राहण्याच्या कप्प्यात पक्क्या जोडलेल्या असाव्यात, हे या वर्गाचे सर्वमान्य स्वरूप आहे. मानकाप्रमाणे तयार झालेल्या नमुन्याला एआरएआय किंवा सीआयआरटी यांसारखी संस्था प्रमाणपत्र देते, आणि हा मार्ग एका गाडीच्या मालकापेक्षा अशा गाड्या बांधून विकणाऱ्या कारखानदाराला परवडणारा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या व्यवसायात रस वाढला आहे, तरी धोरण म्हणजे बदलाची मोकळीक नव्हे.

यातून सामान्य माणसासमोर दोन मार्ग उरतात. पहिला म्हणजे प्रमाणित कॅरॅव्हॅन बांधणाऱ्याकडून पूर्ण वाहन, किंवा फक्त बाहेरचे कवच आणि आसने प्रमाणित करून घेऊन आतली सजावट, गाद्या, पडदे, कप्पे आणि रंग एवढेच स्वतः करणे. दुसरा मार्ग म्हणजे आरसीवरची आसने, बांधणी आणि यंत्रणा यांना अजिबात हात न लावता, उतरवता येईल असे सुटे सामान तयार करणे : मागच्या जागेत बसणारी घडीची खाट, स्वयंपाकाची पेटी, पाण्याचे कॅन आणि वीजसाठ्याचा डबा, जे सर्व प्रवासात पट्ट्यांनी आवळून बांधता येईल आणि घरी आल्यावर उतरवून ठेवता येईल. पहिल्यांदाच काम करणाऱ्याला दुसरा मार्ग नि:संशय अधिक योग्य आहे. त्याचा खर्च कमी, चूक झाली तर ती घरातल्या घरात सुधारता येते आणि सोमवारी गाडी नेहमीच्या कामाला मोकळी राहते. कोणत्याही मार्गाने जाताना प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घेऊन ठेवावे. तोंडी होकाराला अपघातानंतर काही किंमत राहत नाही. गाडी कर्जावर असेल तर वित्तसंस्थेची संमतीही लागते. आणखी एक साधी गोष्ट अनेकांच्या ध्यानात उशिरा येते : सोसायटीतल्या मोटारीच्या जागेची लांबी साधारण पाच मीटर असते आणि इमारतीखालच्या पार्किंगची उंची जेमतेम मोटारीपुरती, त्यामुळे उंच छपराची सहा मीटर लांब गाडी रात्री कुठे उभी राहणार, याचे उत्तर ती विकत घेण्यापूर्वीच मिळवावे लागते.

वजन

घरातल्या लाकूडकामात वजनाचा विचार कोणी करत नाही, कारण जमीन ते मुकाट्याने सोसते. गाडीत मात्र प्रत्येक किलो ब्रेकला, टायरला आणि पाट्यांच्या स्प्रिंगांना उचलावा लागतो. आठ फूट बाय चार फूट मापाच्या, १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडच्या एका शीटचे वजन साधारण ३५ किलो भरते, १२ मिलिमीटरचे २३ किलोच्या आसपास आणि ६ मिलिमीटरचे १२ किलोच्या. सुताराला १८ मिलिमीटरची सवय असते आणि तो गाडीतही तेच सुचवतो. अशा आठ शीट (२८० किलो), शंभर लिटर पाणी (१०० किलो), घरगुती इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या (सुमारे ११० किलो) आणि सामानासह चार माणसे (३२० किलो) यांची बेरीज ८१० किलो होते. निम्मी शीट १२ आणि निम्मी ६ मिलिमीटरची घेतली, पाणी साठ लिटरवर आणले आणि लिथियमच्या दोन बॅटऱ्या घेतल्या, तर तीच बेरीज ५४५ किलोवर येते. वाचलेले २६५ किलो म्हणजे चार प्रौढ माणसांएवढे ओझे आहे आणि ताम्हिणी किंवा वरंधा घाट उतरताना त्याचा फरक ब्रेकच्या तापण्यावरून कळतो.

म्हणून काम सुरू करण्यापूर्वी गाडी रिकामी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या आसाचे वजन वेगवेगळे घ्यावे, अर्धे काम झाल्यावर पुन्हा घ्यावे आणि पाण्याच्या टाक्या भरून शेवटी एकदा घ्यावे. कमाल अनुमत वजनाच्या आत राहणे पुरेसे नसते, तर भार कुठे आहे हेही पाहावे लागते : पाणी आणि बॅटऱ्या शक्यतो दोन आसांच्या मध्ये, जमिनीलगत आणि डाव्या-उजव्या बाजूंना समतोल ठेवाव्यात, छतावर सौर पॅनेलखेरीज काही नसावे. ओढायच्या ट्रेलरच्या बाबतीत एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या जोडावर यावा असा अमेरिकेतला दंडक आहे. तो कमी पडला आणि मागचे टोक जड झाले की वेगात ट्रेलर शेपटासारखा हलू लागतो व ओढणारी मोटारही त्याच्याबरोबर भरकटते.

पाणी, गंज आणि ऊन

जुन्या परदेशी ट्रेलरचा सर्वांत मोठा शत्रू आत झिरपणारे पाणी असते. छतावरच्या खिडकीचा सांधा उघडतो, पाणी आतल्या आवरणामागून खाली उतरते आणि तळाचे प्लायवूड कुजल्याखेरीज ते कोणाच्या लक्षात येत नाही. पुण्यात वापरलेल्या मिनीबसमध्ये हाच प्रकार गंजाच्या रूपाने दिसतो. इथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि घाटमाथ्यावर किंवा कोकणात सतत फिरलेल्या गाडीच्या तळाच्या पत्र्यावर, चाकांच्या कमानींत आणि दाराच्या पायरीखाली गंज धरलेला असतो. जुनी गाडी घेताना आतली मॅट उचलून पत्रा टोचणीने तपासावा, रबरी पट्ट्यांच्या कडा दाबून पाहाव्यात आणि शक्य असेल तर खरेदी पावसाळ्यातच करावी, कारण त्या दिवसांत गळती लपवता येत नाही. ताज्या रंगाचा वास येणाऱ्या जुन्या गाडीबद्दल संशय बाळगणे केव्हाही बरे. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने उघडा धातू दिसेपर्यंत घासून, त्यावर गंजरोधक प्रायमर आणि मग रंग, हे काम घरी उत्तम होते; पण पत्रा बोटाने दबत असेल किंवा चॅसीच्या चॅनेललाच गंज पोचला असेल, तर ते वेल्डरचे काम आहे आणि पुष्कळदा ती गाडी सोडून देण्याचेही कारण आहे.

छतावर काही बसवताना पाडलेले प्रत्येक भोक हा पुढच्या गळतीचा मार्ग असतो. सौर पॅनेल आधीच्या कॅरियरवर बसवता येत असतील तर नवे भोक पाडू नये. पाडावेच लागले तर कडा प्रायमरने रंगवून, उन्हात टिकणारे पॉलियुरेथेन सीलंट भरून मग स्क्रू आवळावा. घरात खिडकीला वापरले जाणारे स्वस्त सिलिकॉन पुण्याच्या उन्हात आणि गाडीच्या हादऱ्यात लवकर सुटते, शिवाय त्यावर रंग बसत नाही.

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचे तापमान चाळीस अंशांच्या घरात जाते आणि पत्र्याची बंद गाडी त्याहून कितीतरी अधिक तापते. यासाठी पत्रा आणि आतले आवरण यांच्यामध्ये उष्णतारोधक थर घालतात. थर्माकोल स्वस्त असले तरी हादऱ्याने त्याचा भुगा होतो आणि ते चटकन पेट घेते. काचतंतूंची लोकर ओल धरते. त्यापेक्षा वातानुकूलन यंत्रणेच्या नळ्यांवर लावतात तसली नायट्राइल रबराची चिकटपत्ती पत्र्याच्या वळणांना व्यवस्थित बसते आणि ओलही धरत नाही. छताला पांढरा रंग आणि समोरासमोर दोन झरोके असतील, तर जाड थरावर करायचा पुष्कळसा खर्च वाचतो.

वीज आणि गॅस

घरातली वीज २३० व्होल्टची आणि उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी असते. गाडीतली बारा व्होल्टची आणि एकाच दिशेने वाहणारी, म्हणजे डीसी असते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ती निर्धोक मानण्याची चूक फार जण करतात. व्होल्ट कमी असल्यामुळे तेवढ्याच कामासाठी प्रवाह कितीतरी पट अधिक लागतो, आणि तार तापते ती प्रवाहाने. तीनशे वॉटचे उपकरण घरात जेमतेम सव्वा अँपियर घेते, गाडीत २५ अँपियर घेते. बॅटरीपासून पाच मीटरवर असलेल्या अशा उपकरणाला घरगुती सवयीने ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली, तर जाण्या-येण्याच्या दहा मीटरमध्ये एक व्होल्टहून अधिक दाब वाटेतच खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. १० चौरस मिलिमीटरची तार घेतली तर हीच घट अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. प्रत्येक मुख्य तारेचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात असावा, तारा पत्र्यातून जिथे पार होतात तिथे रबरी ग्रोमेट बसवावा आणि जोड पिळून टेप गुंडाळण्याऐवजी लग दाबून पक्का करावा. गाडी सतत हादरत असल्यामुळे घरात वीस वर्षे टिकणारा पिळाचा जोड इथे सहा महिन्यांत सैल पडतो.

गरज किती, याचा हिशेब आधी मांडावा. एक छोटा बारा व्होल्टचा फ्रिज दिवसाला साधारण चारशे ते पाचशे वॉट-तास घेतो. दिवे, पंखा आणि फोन मिळून आणखी दोनशे. दोनशे वॉटचे सौर पॅनेल स्वच्छ दिवसांत आठशे वॉट-तासांच्या आसपास देते, म्हणजे ऑक्टोबर ते मे एवढ्यात भागते. पावसाळ्यात मात्र त्यावर विसंबून राहता येत नाही आणि इंजिन चालू असताना चार्ज करणारे डीसी-डीसी चार्जर लागते. इंडक्शन शेगडीचा मोह टाळलेला बरा, कारण दोन हजार वॉटची शेगडी बारा व्होल्टच्या बॅटरीतून १६५ अँपियरहून अधिक प्रवाह ओढते आणि तेवढ्यासाठी सारी यंत्रणा दुप्पट खर्चाची होते.

आखणी, तारा ओढणे, दिवे बसवणे हे काळजीपूर्वक काम करणाऱ्याला जमण्यासारखे आहे. बाहेरून २३० व्होल्टची वीज घेण्याची जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावी आणि तीत ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असलाच पाहिजे. गॅसच्या बाबतीत सूट नको. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की तळाशी साचतो आणि बंद गाडीत त्याला जायला वाट नसते. सिलिंडरचा कप्पा आतून पूर्ण बंद आणि तळाला बाहेर उघडणारा असावा, सिलिंडर उभाच बांधावा, नळी पाच वर्षांच्या मुदतीत बदलावी, शक्य तेव्हा स्वयंपाक गाडीबाहेरच करावा आणि रात्री रेग्युलेटर बंद असल्याची खात्री करूनच झोपावे. कोरड्या पावडरचे अग्निशामक दाराजवळ हवे, शेगडीच्या मागे नको.

लाकूडकाम आणि घरची कामे

इतके झाल्यावर लाकूडकामाची पाळी येते, आणि इथे हौशी हाताला खरा वाव आहे. प्लायवूड घेताना शीटवरचे मानकाचे चिन्ह पाहावे : ‘आयएस ३०३’ खाली येणारे एमआर म्हणजे ओलावा थोडाफार सोसणारे, त्याच मानकातले बीडब्ल्यूआर म्हणजे पाण्याला अधिक टिकणारे, आणि ‘आयएस ७१०’ म्हणजे मरीन प्लाय. गाडीच्या तळाला आणि ओट्याला मरीन, बाकी ठिकाणी बीडब्ल्यूआर पुरते. एमआर गाडीत वापरूच नये. कापलेल्या प्रत्येक कडेला, दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्याही, प्रायमरचा हात द्यावा, कारण प्लायवूड पाणी पिते ते कडेने. घरात खिळा आणि फेविकॉल यांवर भागते. गाडीत फेविकॉलबरोबर स्क्रू आणि सांध्यामागे अँगल हवा, आणि दारे-खण प्रवासात उघडणार नाहीत अशी दाबाची कडी हवी. गाडीच्या आत कुठेच काटकोन नसतो, म्हणून गुण्या लावून फळी कापण्यापेक्षा पुठ्ठ्याचा नमुना कापून तो बसवून पाहावा आणि मग त्यावरून फळी आखावी.

ही सर्व कौशल्ये आधी घरात गिरवलेली बरी. घरात फळी वाकडी बसली तर ती काढून पुन्हा बसवता येते; गाडीत सुटलेली फळी वळणावर कोणाच्या तरी डोक्यात बसते. पुण्यातल्या नव्या इमारतींच्या भिंती बहुधा हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांच्या असतात, ज्यांना मुंढव्याला तयार होणाऱ्या सिपोरेक्सच्या नावानेच इथे ओळखले जाते. अशा भिंतीत साधा रॉल प्लग पकड घेत नाही. त्यासाठी लांब, फिरवून आत जाणारे खास प्लग घ्यावेत आणि ड्रिल मशीनचा हॅमर बंद ठेवावा. जड मांडणी भिंतीवर टांगण्यापेक्षा जमिनीवर टेकवून वरून फक्त अडकवावी. बाथरूम, ओटा आणि स्विचबोर्ड यांच्या सरळ वर-खाली भोक पाडू नये, कारण नळ आणि तारा बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.

भिंतीची ओल हा पुण्यातल्या घरांचा नेहमीचा प्रश्न असून त्यावर रंग चढवणे हा सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. पोपडे निघण्याचे कारण वरची गच्ची, शेजारचे बाथरूम की बाहेरची भेग, हे आधी शोधावे लागते. बाथरूमची फरशी बदलताना वॉटरप्रूफिंग झाल्यावर निचरा बंद करून एक-दोन दिवस पाणी कोंडून ठेवावे आणि खालच्या घरात जाऊन छत पाहावे. ही चाचणी फरशी बसल्यावर करण्यात अर्थ नाही. गच्चीवर आधीचा विटांच्या तुकड्यांचा कोबा असताना त्यावरच दुसरा घालण्याची पद्धत घातक आहे, कारण चार-साडेचार इंच जाडीचा कोबा दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार टाकतो आणि जुन्या स्लॅबचा हिशेब एकाच थरासाठी केलेला असतो. गच्ची आणि कठडा यांच्या कोपऱ्यातला गोलाकार वाटा उखडला असेल तर बरेचदा तेवढीच दुरुस्ती पुरते. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत, जिथे भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, सिमेंटचा गिलावा ओल आतच कोंडतो आणि शेजारचा सागवानी खांब कुजवतो; तिथे चुन्याचाच गिलावा हवा आणि तो जाणणारा गवंडी शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात.

रंग, फळ्या, दाराच्या बिजागऱ्या, नळाचे वॉशर, जाळ्या, फर्निचरचे पॉलिश ही कामे घरच्या माणसाची. भिंत पाडणे, ती अर्धी भिंत का असेना, स्ट्रक्चरल इंजिनिअरने पाहिल्याशिवाय आणि सोसायटीच्या समितीच्या लेखी परवानगीशिवाय करू नये; खांब आणि तुळया यांना तर छिन्नीही लावू नये. यात सोसायटीच्या नियमांपेक्षा शेजाऱ्याच्या जिवाचा विचार मोठा आहे.

हाताने काम शिकण्याची सोय पुणे जिल्ह्यातच आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातल्या पाबळ इथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी आणि सुतारकाम प्रत्यक्ष करून शिकण्याची पद्धत रुजली आहे आणि औंधची औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही या कौशल्यांसाठी ओळखली जाते. दहा चित्रफिती पाहण्यापेक्षा एखाद्या जाणत्या सुताराजवळ चार रविवार उभे राहिल्याने अधिक शिकता येते, मात्र त्याला त्या वेळेचे पैसे द्यावेत.

कामाचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळी हवेत पॉलिशवर पांढरा धुरकट थर येतो, लांबी सुकत नाही आणि प्लायवूड फुगलेल्या मापाने कापले जाते. गाडीचे काम मार्चपर्यंत संपवून पहिला प्रवास जवळचाच ठेवावा, पानशेत किंवा मुळशीपर्यंतचा. परतल्यावर चाकांचे नट, खाटेचे बोल्ट आणि बॅटरीच्या पट्ट्या पुन्हा आवळाव्यात, आणि जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस पडून गेल्यावर छताचा प्रत्येक सांधा आतून हात फिरवून तपासावा. त्यात ओल सापडली तर महाबळेश्वर किंवा कोकणचा बेत पुढे ढकलावा आणि आधी सांधा दुरुस्त करावा.